पत्ते वर्गात आणले तर चालेल का?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. ४७ मोठे की ७४ असं विचारलं की अर्धा वर्ग अंदाजपंचे हात वर करतो. पत्त्यांनी शिकवावं असं डोक्यात आहे, पण पालक म्हणतील बाई जुगार शिकवतायत. आणि त्यातूनच संभाव्यतापण शिकवता येते म्हणतात, ती एवढ्या लहान पोरांना झेपेल का?

उत्तर: ताई, बिनधास्त आणा. पालकांची भीती वाटत असेल तर जुन्या लग्नपत्रिका कापून त्यावर आकडे लिहा, काम तेच होतं, पण मी मात्र खरा कॅटच वापरा म्हणेन, कारण पुढे दहावीला बीजगणितात संभाव्यतेचा धडा येतो आणि त्यात ५२ पत्ते, किलवर, इस्पिक यांच्यावर गणितं घातलेली असतात.

आता खेळ. नुसतं दोघांनी एकेक पान टाकायचं, मोठा तो जिंकला, हे पहिलीला ठीक आहे, चौथीची पोरं त्याला पाच मिनिटांत कंटाळतात कारण त्यात ठरवायचं काहीच नसतं. म्हणून दश्शी, गुलाम, राणी, राजा बाजूला काढा, एक्का म्हणजे १, उरले ३६ पत्ते. एक पान उचलायचं आणि दुसरं बघायच्या आधीच ते दशकात ठेवायचं की एककात हे ठरवायचं, नंतर बदल नाही. मोठी संख्या ज्याची तो जिंकला. सत्ती आली तर? उरलेल्या ३५ मध्ये तिच्याहून मोठी पानं फक्त ८ आणि लहान २४, म्हणजे दशकातच. दुर्री आली तर उलट. पंजीला खरी मजा, १६ मोठी, १६ लहान, तिथे पोरं भांडतात, भांडू द्या!

अजून एक, समोरच्याचे ६३ मांडून झालेत आणि तुमच्या हातात पंजी आली. दशकात ठेवली तर ५९ च्या पुढे जाताच येत नाही, मग एककातच ठेवायची आणि छक्कीपासून नव्वीपर्यंत काहीतरी यावं म्हणून वाट बघायची. उरलेल्या ३३ पत्त्यांत अशी पानं १५. हे ज्याला आपणहून सुचलं त्याला दशक-एकक कळलं, वेगळी परीक्षा घेऊ नका.

संभाव्यता हा शब्दसुद्धा काढू नका. 'बहुतेक मोठं येईल', 'सांगता येत नाही', 'येणारच नाही' एवढं तोंडाने म्हणायला लावा, अपूर्णांक नंतर. फक्त एक गोष्ट जपा, पोरं म्हणतात सारखी लहानच पानं आली, आता मोठं येणारच. पानं बाजूला ठेवत खेळत असाल तर 'आता मोठं यायची शक्यता वाढली' इतपत ते बरोबर आहे, कारण ढिगातली लहान पानं कमी झालीत, पण प्रत्येक वेळी पान परत घालून पिसत असाल तर मागच्याचा पुढच्याशी काही संबंध नाही. दोन्ही प्रकारे खेळवा आणि फरक त्यांनाच बोलू द्या.

आणि कुणी पालक जुगार म्हणालेच तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचं, म्हणजे तिथल्या जुन्या पत्त्यांच्या खेळाचं सांगा, १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, आणि आकड्यांच्या पानांत निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर निम्म्यात चक्क एक्का मोठा. हुशार पोरांना आठवड्यातून एकदा तसं उलटं खेळायला लावा, सर्वात लहान संख्या करणारा जिंकला, मग बघा सत्ती कुठे ठेवतात ते.