कलम 377 गेलं, मग भारतात समलिंगी जोडप्याला लग्न नोंदवता येतं का?

नाही, अजून नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं हे कलम; सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, एवढंच. लग्नाला मान्यता ही वेगळी पायरी आहे.

त्यासाठीच्या याचिकांवर 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यात (धर्म कोणताही असो, लग्न नोंदवू देणारा कायदा) बदल करणं संसदेचं काम, यावर पाचही जणांचं एकमत झालं. मतभेद पुढे होता. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना अशा जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर दर्जा आणि एकत्र दत्तक घेण्याचा हक्क मिळावा असं वाटत होतं. उरलेल्या तिघांनी ते नाकारलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

समलिंगी लग्नाला विरोध करणारे म्हणतात, लग्न ही समाजाची संस्था, ती न्यायालयाने बदलू नये. ठीक, पण मग संसदेने तरी बोलावं ना! सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही.

मला सगळ्यात जास्त सलतो तो वारशाचा प्रश्न. वीस वर्षं एकत्र संसार केला तरी मृत्युपत्र नसेल तर जोडीदार वारस ठरत नाही. घर सख्ख्या नातेवाइकांकडे जातं. म्हणून तुम्ही अशा नात्यात असाल तर दोघांनीही मृत्युपत्र आजच करा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय.