'तुमचो नाव काय आय?' ही मराठी का?

प्रश्न असा आहे: जगदलपूरच्या बाजारात 'तुमचो नाव काय आय?' असं ऐकू येतं. ही मराठीची बोली म्हणायची का?

ही हल्बी, छत्तीसगढच्या दक्षिणेकडल्या बस्तर भागाची संपर्कभाषा. तिथे गोंडी आणि धुरवा या द्राविडी भाषा, तर भतरी ओडियाच्या जवळची. गोंडी बोलणाऱ्याला भतरी कळत नाही, भतरीवाल्याला गोंडी. आठवडी हाटात दोघांचं जमतं ते हल्बीत. बस्तर संस्थानातही तिचा वापर होता, आणि आकाशवाणीचं जगदलपूर केंद्र आजही हल्बीत कार्यक्रम देतं.

आता त्या 'चो'बद्दल. मोचो म्हणजे माझा, तुचो म्हणजे तुझा. कोकणीतही 'रामाचो भाव' असतो, पण तिथे 'रामाची भयण' म्हणताना प्रत्यय बदलतो. हल्बीत तो बदलत नाही: 'राजाचो बेटा', 'राजाचो बेटी'. अनेक मातृभाषांची माणसं जी भाषा वापरतात, तिच्यात अशी लिंगवचनाची कटकट गळून पडणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

मराठी माणूस फसतो तो 'ने'पाशी. 'हुन घरने आसे' म्हणजे 'तो घरात आहे'. इथला 'ने' आपल्या तृतीयेचा नाही, सप्तमीचा आहे. 'मला'साठी 'मोके', आणि 'घरून'साठी 'घरले'. हा 'ले' छत्तीसगढीतही असाच आहे. भूतकाळातला 'ल' ऐकून मात्र लगेच मराठीशी नातं जोडू नये. तो ओडिया, बंगाली, भोजपुरीतही आहे. पुरावा म्हणून 'चो'ला वजन आहे, 'ल'ला नाही.

भाषाअभ्यासक ग्रियर्सनने आपल्या भारताच्या भाषासर्वेक्षणात हल्बी मराठीच्या खंडात (१९०५) घेतली, तीही मिश्र भाषा म्हणून. आज बरेच अभ्यासक तिला ओडिया-बंगालीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गटात ठेवतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बस्तर नागपूरकर भोसल्यांचं मांडलिक झालं, म्हणून 'चो' तिथून आला असं म्हणण्याचा मोह होईल. पण खंडणीच्या नात्यातून उसने शब्द येतात, षष्ठीचा प्रत्यय सहसा येत नाही.

तेव्हा 'मराठीची बोली' म्हणू नये. 'संपर्कभाषा' हे भाषेचं काम झालं, कूळ नव्हे; आणि हल्बी ही हलबा या आदिवासी समाजासह अनेकांची मातृभाषाही आहे. २०११च्या जनगणनेत ती वेगळी नोंदली आहे, साडेसात लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा म्हणून. हाटात ती दुसरी भाषा म्हणून बोलणारे गोंड आणि धुरवा त्या आकड्यात धरलेले नाहीत.