आधी मीटर, मग आयर्न

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेम कन्सोल दुरुस्ती शिकायची आहे, सुरुवात कशानं करू, असं विचारलंस. हत्यारांची यादी देतोच, पण त्याआधी एक सांगतो, आणि पुढचं सगळं पत्र त्यावरच आहे. या धंद्यात सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून टाके घालणं, हा शेवटचा टप्पा. बंद पडलेला कन्सोल समोर आला की बिघाड नेमका कुठं आहे हे मोजून ठरवणं, हे खरं काम. नवशिके नेमकं उलटं करतात. टीव्हीवर चित्र नाही म्हटलं की एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल बसते ते तोंड, काढायला घेतात. पोर्ट चांगलाच असतो, तो काढताना बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, म्हणजे पॅड, उखडतात, आणि एका बिघाडाचे दोन होतात. म्हणून सोल्डरिंगचं आयर्न गरम करायच्या आधी वहीत एक ओळ लिहायची: काय मोजलं, किती आलं, किती यायला हवं होतं. ही ओळ लिहिता येत नसेल तर अजून आयर्नला हात लावायची वेळ आलेली नाही.

आता हत्यारं. डायोड मोड आणि बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजते ती) असलेला डिजिटल मल्टिमीटर सगळ्यात आधी. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, त्याला चपट्या टोकाचा एक आणि बारीक टोकाचा एक बिट. थेट प्लगमध्ये लावायचं साधं आयर्न या कामाला नको, त्याच्या उष्णतेवर ताबा राहत नाही. ६३/३७ ची (कथील ६३, शिसं ३७ टक्के) सोल्डर वायर, ०.५ किंवा ०.८ मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक्सची फ्लक्स पेस्ट, सोल्डर नीट पसरायला. पत्र्याच्या कामातलं ॲसिड फ्लक्स बोर्डावर कधीही नको, ते तांबं खातं. डीसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची फीत), चिमटा, भिंग. स्क्रूसाठी मध्ये भोक असलेला टी८ सिक्युरिटी बिट, बारीक प्लस, आणि निन्टेंडोसाठी तीन पात्यांचा वाय००. सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए घे. थिनर स्वस्त म्हणून वापरतात, पण तो प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही खराब करतो. हॉट एअर मशीन सहा महिने घेऊ नकोस. गावात जे मिळणार नाही ते पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं. कंट्रोलरचे स्टिक आणि पोर्ट ऑनलाइनच मागवावे लागतात, तेव्हा पाच-दहा एकदम मागव.

सराव भंगारावर कर. भंगारवाल्याकडून मेलेले एचडी सेट-टॉप बॉक्स घे. त्यांच्या बोर्डावरही एचडीएमआय पोर्ट असतो, १९ पिनांचा, आणि बोर्ड खराब झाला तरी कुणाचं नुकसान नाही. सोल्डर काढून पुन्हा भरायचा हात त्यावर बसव.

पहिलं मशीन म्हणून घराघरांत माळ्यावर पडलेला जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम घे. त्यात दुरुस्तीची सगळी बाराखडी आहे आणि घरच्या विजेचा धोका ॲडॅप्टरपुरताच. ॲडॅप्टर बहुतेक ९ व्होल्टचा. आत तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर सापडेल, तो त्याचे ५ व्होल्ट करतो. त्याच्यावरचा नंबर वाचता येईल असा धरून पाय खाली ठेवलेस तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला. इनपुटला निदान ७ व्होल्ट हवेत, आउटपुटला ५ च्या जवळपास. इनपुटच नसेल तर ॲडॅप्टर, त्याची पिन किंवा स्विच तपास. इनपुट आहे आणि आउटपुट नाही, तर लगेच ७८०५ बदलू नकोस. वीज काढून आउटपुट आणि ग्राउंडमध्ये बीप येते का बघ; येत असेल तर पुढं कुठंतरी शॉर्ट आहे आणि नवा रेग्युलेटरही तापत राहील. ५ व्होल्ट बरोबर आहेत पण पडद्यावर नुसता एक रंग किंवा चौकोनांचा कचरा दिसतोय, तर कॅसेटची कड आणि सॉकेट आयपीएनं साफ कर. बहुतेक गेम तेवढ्यानंच सुरू होतात.

त्यानंतर कंट्रोलर. तुझ्याकडे सगळ्यात जास्त काम हेच येईल: ‘भावा, माणूस आपोआप चालायला लागलाय.’ याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. आत कार्बनचा पातळ थर आणि त्यावर घासणारं धातूचं पातं. स्टिक मधल्या जागेच्या आसपासच जास्त हलते, म्हणून तिथंच थर झिजतो आणि मधला आकडा स्थिर राहत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही दिवस बरं वाटतं, कारण कार्बनची भुकटी निघून जाते. झिजलेला थर मात्र परत येत नाही. गिऱ्हाईकाला क्लीनर मारून दिलास तर ‘तात्पुरतं आहे’ हे तोंडावर सांग.

पीएस४ च्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या, कंट्रोलरला मागं चार स्क्रू. दोन्ही भाग अलग करताना ओढायचं नाही, आत पट्टीची केबल असते. ती आधी सोडवायची, मग लगेच बॅटरीचा जोड. स्टिकच्या एका भागाला १४ टाके असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार, धातूच्या पिंजऱ्याचे चार. कंपनीचं सोल्डर शिसं नसलेलं असतं, ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं. आपलं ६३/३७ चं १८३ ला. म्हणून आधी फ्लक्स लावून चौदाही टाक्यांवर आपलं थोडं सोल्डर मिसळ, बिट ३५० ते ३७० वर ठेव, मग विकनं उचल. पिंजऱ्याचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्यानं उष्णता पिऊन टाकतात. तिथं चपटा बिट वापर आणि एक-दोन सेकंद जास्त दे, तापमान वाढवू नकोस. स्टिक हातानं हलवल्यावर सैल वाटली तरच काढ. ओढून काढलीस तर भोकाच्या आतला तांब्याचा अस्तर पायाबरोबर बाहेर येतो, आणि मग स्टिक नवी असूनही एक दिशा मरते. हा बिघाड दुरुस्त करायला बारीक तार ओढावी लागते, आणि त्याला स्टिक बदलण्याच्या तिप्पट वेळ जातो.

नवीन स्टिक बसवल्यावर मधला आकडा थोडा बाजूला येणारच. कंट्रोलर संगणकाला यूएसबीनं जोडून ब्राउझरमधून कॅलिब्रेशन (मधला आकडा जुळवणं) करता येतं, ते केल्याशिवाय काम द्यायचं नाही. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारा थर नसतो. त्या महाग पडतात, पण रोज खेळणाऱ्याला त्याच सुचव.

पीएस४ चा पंखा ओरडतोय अशी तक्रार आली तर आधी धूळ. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, फिरू देऊ नकोस, नाहीतर बेअरिंग जातं. चिपची उष्णता हीटसिंकला (थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) देणारी थर्मल पेस्ट बदलायची तर जुनी आयपीएनं पूर्ण पुसून मधोमध तुरीच्या डाळीएवढी ठेवायची आणि क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे-थोडे आवळायचे. एकच आधी पूर्ण आवळला तर हीटसिंक तिरकी बसते आणि मशीन पूर्वीपेक्षा जास्त तापतं. स्क्रू लांबी-आखूडीनुसार कागदावर मशीनचं चित्र काढून जागच्या जागी चिकटव. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डाला भोक पाडतो. पीएस५ मध्ये पेस्टच्या जागी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहून नेतो, ॲल्युमिनियम पोखरतो आणि थेंब सांडला तर बोर्ड शॉर्ट. पीएस५ ची झाकणं काढून धूळ साफ कर, हीटसिंक मात्र पहिल्या वर्षी उचलायची नाही.

मशीन चालू होतं पण आत जात नाही, सीई-३४३३५-८ असा कोड दाखवतं, तर हार्ड डिस्क बघ. पीएस४ ला लॅपटॉपची २.५ इंची साटा डिस्क चालते. पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यात पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं, नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. फाईल पूर्ण इन्स्टॉलची हवी; छोटी अपडेटची फाईल टाकलीस तर नव्या डिस्कवर एसयू-३०७४६-० हा कोड येत राहील. बंद मशीनचं पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) जा आणि सातवा पर्याय घे. यात जुने सेव्ह जातात, गिऱ्हाईकाला आधी विचार.

आता ‘चित्र नाही’. मशीनवर पांढरा दिवा, बीप येते, टीव्ही काळा. आधी केबल आणि टीव्ही बदल. मग सेफ मोड. तिथं चित्र आलं तर पोर्ट ठीक आहे, रिझोल्यूशनची सेटिंग बदलून काम होतं. तिथंही नाही, तर भिंगातून पोर्टात बघ, पिना वाकल्यात का. मग वीज काढून, मशीन बोर्डापर्यंत खोलून, मीटर डायोड मोडवर: लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका पिनेवर. १, ३, ४, ६, ७, ९, १० आणि १२ या आठ पिना चित्राच्या. त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. २, ५, ८, ११ आणि १७ ग्राउंड, तिथं शून्य बरोबर आहे. आठांतली एक उघडी दाखवत असेल, म्हणजे मीटरवर आकडाच येत नसेल, तर तिचा टाका सुटलाय किंवा शेजारचा छोटा फिल्टर उडालाय. एक किंवा जास्त शून्याकडे गेल्या आणि पिना एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, तर दोष मागच्या एचडीएमआय चिपमध्ये. जाड (पहिल्या मॉडेलच्या) पीएस४ मध्ये ती एमएन८६४७१ए, स्लिम आणि प्रोमध्ये एमएन८६४७२९. चिप गेलेली असताना पोर्ट कितीही सुंदर बसवलास तरी चित्र येणार नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसानंतर असे कन्सोल जास्त येतील. वीज कडाडली की केबल टीव्हीच्या वायरमधून झटका टीव्हीत शिरतो आणि एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये. कन्सोलचा प्लग काढलेला होता असं गिऱ्हाईक शपथेवर सांगेल, आणि ते खरंही असेल. ‘एचडीएमआय केबल काढली होती का?’ असं विचार.

पोर्ट बदलायचाच असेल तर हॉट एअर लागतं, म्हणून ते मशीन घेतल्यावरही सेट-टॉप बॉक्सवर दहा-बारा पोर्ट स्वच्छ निघेपर्यंत गिऱ्हाईकाचा बोर्ड घेऊ नकोस. आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), चारही जाड पायांना आपलं सोल्डर, बोर्ड खालून आधी गरम, मग वरून ३८० ते ४०० अंशांची हवा. पोर्ट स्वतःहून तरंगला पाहिजे. शेजारचे फिल्टर मोहरीपेक्षा लहान असतात, हवेचा जोर जास्त झाला की उडून जातात. काम सुरू करण्याआधी फोटो काढून ठेव. नवा बसवल्यावर शेजारच्या पिनांमध्ये बीप येत नाही ना हे बघूनच वीज लाव.

पुराचं पाणी शिरलेली मशीन इथं येतातच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी किती घरांत गेलं हे तुला माहीत आहे. असा कन्सोल ‘चालतो का बघू’ म्हणून प्लगला लावायचा नाही. बटण-सेल काढ, पूर्ण खोल, पत्र्याची शील्ड आणि (पीएस५ नसेल तर) हीटसिंक उचल, कारण गाळ त्यांच्या खालीच बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रशनं धू, मग आयपीए, मग दोन दिवस वाळव. बुडालेला पॉवर सप्लाय टाकून द्यायचा. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असतं, तीही फिरवायची नाही. एवढं करून मशीन चाललं तरी गॅरंटी देऊ नकोस. हिरवा गंज चिपखाली पुढंही वाढत राहतो.

पीएस४ मध्ये झुरळं राहायला येतात, पॉवर सप्लायची ऊब त्यांना आवडते. त्यांची विष्ठा बोर्ड गंजवते आणि शॉर्टही करते. अशी मशीन घरात नको, अंगणात खोल.

पॉवर सप्लायचा डबा मात्र पहिलं वर्षभर खोलायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचे आत ३२५ आणि त्याहून जास्त डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये राहतात. मॉडेल नंबर जुळवून पूर्ण डबा बदल. जाड पीएस४ च्या काही मॉडेलना पाच पिनांचा लागतो, काहींना चार पिनांचा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचून किंवा खरवडून काढायची नाही. न चार्ज होणारा निन्टेंडो स्विच सध्या परत पाठव, त्यात पाय चिपच्या खाली असलेली कामं येतात. डिस्क ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डाशी जोडी लावलेला असतो, तो दुसऱ्या मशीनचा टाकला तर डिस्क वाचत नाही. ड्राइव्ह बदललास तरी मूळ बोर्ड जपून ठेव. ‘क्रॅक करून दे’ (चोरीचे गेम चालतील असं कर) म्हणणाऱ्याला नाही म्हण, तुझं नाव दुरुस्तीसाठी व्हायला हवं.

मशीन घेताना सीरियल नंबर, चारही बाजूंचे फोटो, आधी कुणी खोललंय का आणि आत डिस्क अडकलीय का, एवढं गिऱ्हाईकासमोर लिहून सही घे.

सोल्डरच्या धुरासमोर तोंड नको, खिडकीकडं जाणारा एक छोटा पंखा लाव, आणि जेवायच्या आधी हात साबणानं धू, त्यात शिसं आहे.

पुढच्या रविवारी येताना वही आण आणि सराव केलेले सेट-टॉप बॉक्सचे बोर्ड आण. पोर्टापेक्षा बोर्डावरचे पॅड मला बघायचे आहेत.

कळावे,
तुझा काका