ऑफिसात ब्रेस्ट पंप कसा धुवायचा? आणि दूध कमी का यायला लागलं?

ताई, तुम्ही लिहिलंय की रजा संपवून औशाच्या पतसंस्थेत परत रुजू झालात, लातूरहून रोजची जा-ये आहे, शाखेत फ्रिज नाही, बेसिन एकच आणि तेही संडासाला लागून. दिवसात दोनदा पंप करता, घरी आल्यावर सगळे भाग वीस मिनिटं उकळता, तरी दूध निम्म्यावर आलंय आणि सासूबाई म्हणतात आटलं. विचारलंय तुम्ही धुण्याबद्दल, पण मी दुधापासूनच सुरुवात करणार. प्रसूती झालेल्या बायकांना स्तनपानाचं मार्गदर्शन करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हे 'आटलं' ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

बहुतेक दूध आटलेलं नाही. व्हॉल्व्ह गेलाय.

उदगीरच्या एका बाईंनी पंप दाखवायला आणला होता. तक्रार तुमचीच. आधी दोन्ही बाजूंचं मिळून एका वेळी 100 मिली यायचं, आता 40 वर आलं. पंप असा तपासायचा: नळी भागांपासून सोडवून तिचं मोकळं टोक अंगठ्याने दाबायचं आणि मोटर चालू करायची. अंगठा जोरात ओढला गेला, म्हणजे मोटर धडधाकट. मग सगळं जोडून नरसाळं, म्हणजे फ्लँज, तळहातावर टेकवलं. इथे ओढ जेमतेम. म्हणजे हवा मधेच कुठेतरी शिरतेय. डायफ्रॅम, म्हणजे दूध नळीत शिरू न देणारा सिलिकॉनचा पडदा, काढून पाहिला. तो आतून ओला असला तरी ओढ कमी होते, पण कोरडा होता. शेवटी नरसाळ्याखालचा बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह काढून खिडकीसमोर धरला. चोचीच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. ती दिसायलाच नको. चोच दोन्ही कडांनी हलकी दाबली की फट उघडते, बोटं काढली की मिटते. ही मिटतच नव्हती. फटीच्या कडेला पिवळसर थर, आणि वरून बोटाला खरखरीत लागणारा पांढरा क्षार.

मोटर ओढते तेव्हा चोच मिटलेली हवी, तरच ओढ छातीवर पडते. मोटरने सोडलं की चोच उघडते आणि दूध बाटलीत पडतं. ती मिटलीच नाही तर मोटर बाटलीतली हवा ओढत बसते. आवाज तोच, दिवा तोच, दूध मात्र निम्मं. छाती रोज नीट रिकामी झाली नाही की आठ-पंधरा दिवसांत दूध खरोखरच कमी बनायला लागतं. मग म्हणणारे म्हणतात, बघा, आटलंच.

आता त्या थरांचं. पिवळा थर म्हणजे शिजलेलं दूध. आधी न धुता भाग उकळत्या पाण्यात टाकले की दुधातली प्रथिनं सिलिकॉनवर चिकटून बसतात. पांढरा थर बोअरच्या पाण्याचा. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे गीझरची कॉइल सांगते. तेच पाणी वीस मिनिटं आटवलं की क्षार त्या चोचीवरही बसणार. आणि रोज एवढा वेळ उकळून सिलिकॉनची लवचीकता जाते ती वेगळीच.

माझ्या ओळखीचे एक बालरोगतज्ज्ञ प्रत्येक आईला 'वीस मिनिटं उकळा, जंतू मेले की काम झालं' असं सांगतात. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. उकळल्याने स्निग्धांश निघत नाही, तो साबणाने निघतो. खरकटं पातेलं उकळून कुणी स्वच्छ म्हणतं का? उकळणं हे धुतलेल्या भांड्याचं काम आहे, आणि त्याला पाणी खळखळायला लागल्यापासून पाच मिनिटं पुरतात.

घरी असं करा. सगळे भाग सुटे करा. व्हॉल्व्ह नरसाळ्याला लावून ठेवून धुणं म्हणजे न धुणंच. आधी साध्या, गार पाण्याच्या धारेखाली दूध घालवा, लगेच गरम नाही. मग पंपासाठीच ठेवलेल्या वेगळ्या तसराळ्यात गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घेऊन मऊ ब्रशने धुवा. मोरीत किंवा सिंकमध्ये भाग मोकळे ठेवायचे नाहीत, तिथे भाजी-मटणाचं सगळं धुतलं जातं. तारेची घासणी नको, ओरखड्यांत दूध बसतं. व्हॉल्व्हच्या फटीत ब्रश, काडी, बोट काहीही घालू नका; साबणाच्या पाण्यात बाजू दाबून सोडा, तेवढ्याने तो आतून धुतला जातो. खळबळून घ्या आणि स्वच्छ पंचावर मोकळ्या हवेत वाळू द्या, फडक्याने पुसू नका. ओले भाग डब्यात कोंडले की बुरशी आलीच. ते तसराळं आणि ब्रशही रोज धुवून वाळवा.

उकळायला जारचं किंवा आरओचं पाणी घ्या. पातेल्याच्या तळाशी स्टीलची चाळणी उपडी ठेवा. प्लास्टिक तळाला टेकलं की वाकतं आणि नरसाळ्याच्या सांध्यातून हवा शिरते. क्षार बसलाच असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर, दोन भाग पाणी यात अर्धा तास भिजवून धुवा. मोटर कधीच पाण्यात नाही. नळीही रोज धुवायची नसते. तिच्यात वाफेचे थेंब दिसले तर ती मोटरला लावून पंप दोन-तीन मिनिटं नुसता चालवा, वाळते. काळे ठिपके दिसले तर फेकून द्या.

शाखेत तर धुऊच नका. नरसाळं-व्हॉल्व्हचा दुसरा संच घ्या. तुम्ही दोनदा पंप करता, दोन संचांत दिवस निघतो. वापरलेला संच घरून नेलेल्या बाटलीतल्या पाण्याने विसळा, झिपच्या पिशवीत बंद करा, घरी गेल्या गेल्या धुवा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात दिवसातून तीन वेळा वाहत्या पाण्याखाली पंप धुवा असं मी कुणाला सांगत नाही. संचाचा खर्च पंपापुढे थोडा आहे.

दुधाचं: खोलीच्या तापमानाला चार तास चालतं हे 25 अंशांपर्यंतचं गणित आहे. एप्रिल-मेमधल्या लातूरला ते लावू नका. काढल्याबरोबर घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत ओतून, रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवलेल्या आइस पॅकसोबत जाड पिशवीत ठेवा. पॅक गोठलेला आहे तोवर चिंता नाही. पिशवी स्कूटीच्या डिकीत नको, उन्हात तिची भट्टी होते. दुसऱ्या वेळचं कोमट दूध पहिल्या गार दुधात लगेच ओतू नका, दोन्ही डब्या घरी नेऊन गार झाल्यावर एकत्र करा. फ्रिजमध्ये चार दिवस. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत डबी ठेवून, गॅसवर नाही. बाळाला वाटी-चमच्याने द्या.

मॅनेजरशी कसं बोलायचं हेही विचारलं होतंत. त्यात मी फार सांगू शकत नाही. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान विराम 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानेच दिले होते, एवढं ठामपणे सांगा. आणि दाराला कडी असलेली खोली मागा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असू शकतो तर शाखेतली रेकॉर्ड रूम वीस मिनिटं मिळायला हरकत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर रोज एकदा उकळणं सोडू नका. तुमचं सहा महिन्यांच्या पुढचं आणि सुदृढ आहे, तिथे नीट धुणं जास्त मोलाचं. दूध खरंच कमी होण्याचीही कारणं असतात: पाळी परत येणं, आजारपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या. वरचं खाणं सुरू झालं की बाळाची मागणीही उतरते. तुम्ही नसताना तासाला 30 ते 45 मिली हा हिशोब सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचा, त्यामुळे घरी उरत असेल तर घाबरू नका. छातीत दुखरी गाठ आणि ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आज रात्री व्हॉल्व्ह उजेडात धरून बघा. रेघ दिसली तर नवीन घाला आणि चार-पाच दिवस मोजा. नवीन घालूनही फरक पडला नाही तर स्तनाग्राची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून इथे लिहा. बऱ्याच पंपांसोबत 24 चं नरसाळं येतं, आणि अनेकींना ते मोठं होतं.