फ्लोट आडवा पडला की रॉड उचला

(गळ, गरी आणि गोड्या पाण्यातले मासे : वाचकांच्या प्रश्नांना मावशींची उत्तरं)

प्रश्न : मावशी, नाताळच्या सुट्टीत आम्ही टेनेसीतल्या डेल हॉलो जलाशयावर केबिन घेतोय. स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायची फार इच्छा आहे, पण नकाशा बघूनच छाती दडपली. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे? ऑफिसातला एक जण म्हणतो, थंडीत जाऊच नका, मासे झोपलेले असतात.
– एक वाचक, नॅशव्हिल

उत्तर : अरे, मासे नाही, तुझा ऑफिसातला मित्र झोपलेला असतो. डेल हॉलोवर मोठ्या स्मॉलमाउथचा मोसम थंडीतलाच. उन्हाळ्यात पाणी इतकं नितळ असतं की दिवसाउजेडी मासा खोल जाऊन बसतो. तेव्हा इथले जुने लोक रात्री काळी जिग (वजनदार डोक्याचा, आमिषासारखा सजवलेला गळ) घेऊन निघतात, ते लहान मुलांना घेऊन सुट्टीवर आलेल्या माणसाचं काम नव्हे.

आता आकाराचं. ओबी नदीवरचं हे धरण १९४३ मध्ये झालं. जलाशय २७,७०० एकरांचा, थोडासा केंटकीतही शिरलेला, धरणाजवळ १३० फुटांपर्यंत खोल. पण त्यातलं बहुतेक पाणी तुझ्या दृष्टीने रिकामं आहे. इथे शॅड नावाची छोटी मासळी असते, आपल्या पाल्याची दूरची नातलग. पाणी ५० अंश फॅरेनहाइटच्या खाली गेलं की ती गारठते, धड पोहता येत नाही, जागच्या जागी थरथरत राहते. स्मॉलमाउथ तिच्या आसपास राहतो, कारण बसल्या जागी जेवण मिळतं. म्हणजे तुला शोधायचाय तो असा कडा, जिथे कातळ सरळ पाण्यात उतरलाय. तिथे तळ चाळीस फुटांवर असला तरी मासा दहा-बारा फुटांवर अधांतरी असतो. तळाशी गळ टाकून बसलास तर दिवसभर त्याच्या पोटाखालून आमिष फिरवत राहशील.

यासाठी पूर्व टेनेसीतली एक रीत आहे, ‘फ्लोट अँड फ्लाय’. रॉड आठ-नऊ फुटी, मऊ. तंगूस चार पौंडी, म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी. टोकाला पिसांची जिग, एक-सोळांश औंसाची, म्हणजे जेमतेम पावणेदोन ग्रॅम. जिगेच्या वर नऊ-दहा फुटांवर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बूच, पक्का बसवायचा, सरकता नको. रॉड लांब का, ते आता कळलं असेल : फ्लोटखाली एवढी तंगूस लोंबकळताना छोट्या रॉडने फेकता येत नाही. कड्याच्या अगदी लगत टाक आणि मग काही करू नकोस. वाऱ्याने पाणी हललं की फ्लोट हलतो, खाली जिगेची पिसं उघडमीट करतात, गारठलेल्या शॅडसारखी. वारा पडलेला असेल तर रॉडचं टोक नुसतं थरथरव, फ्लोट जागचा सरकता कामा नये.

आणि फ्लोट बुडायची वाट बघत बसू नकोस. मासा खालून वर येऊन जिग घेतो, तेव्हा तिचा भार सुटतो आणि उभा फ्लोट पाण्यावर आडवा पडतो. बरेच जण ‘वारा असेल’ म्हणून तोंडात थर्मासचा चहा घोळवत बसतात. आडवा पडला की रॉड उचल. हिसका मात्र नको, चार पौंडी तंगूस आहे; रीळ गुंडाळत ताण दे, पुढचं मऊ रॉड बघतो.

लाइफ जॅकेट घालून ठेव, सीटखाली ठेवलेलं उपयोगाचं नाही. त्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत चालेनासे होतात. आणि परवाना कोणत्या राज्याचा लागेल ते धक्क्यावर विचारून घे, मधूनच केंटकीची हद्द लागते.

प्रश्न : सासरे मालवणहून आलेत. परवा ह्यांनी अठरा इंची स्मॉलमाउथ पकडला आणि सोडून दिला. तेव्हापासून घरात अबोला आहे. ‘हातातला मासा कोणी टाकतं का?’ त्यांना काय सांगू?
– एक वाचक, अटलांटा

उत्तर : डेल हॉलोवर पकडला असेल तर अगं, कायदा सांग, मालवणी माणूस कायद्याशी वाद घालायला तरी बोलायला लागेल. तिथे १६ ते २१ इंचांमधला स्मॉलमाउथ ठेवताच येत नाही. दिवसाला दोन, एक १६ च्या आतला, एक २१ च्या वरचा. मधला मासा विणीचा आहे. वसंतात पाणी साठ अंशांच्या आसपास पोचलं की नर शेपटीने खडीत खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढे राखण एकटा नर करतो. त्याला उचललं की ब्लूगिल नावाचे छोटे मासे मिनिटांत सगळी अंडी साफ करतात.

त्या ब्लूगिलवरच सासऱ्यांना सोड. हातभर नाही, तळहाताएवढाच मासा, पण चवीला गोड आणि घट्ट. आगळ-हळद-मीठ लावून, तांदळाचं पीठ नि रवा, तव्यावर. काटे आहेत, पण त्यांना काट्यांचं कौतुक तू सांगायला नको. शिवाय धक्क्यावरून नातवंडांसकट पकडता येतो. त्यांच्या नावाने थोड्या दिवसांचा परवाना काढ. पाहुणे असले तरी लागतो.

प्रश्न : जागतिक विक्रमाचा स्मॉलमाउथ खोटा होता, पोटात शिसं भरलं होतं, असं ऐकलं. खरं काय?
– एक वाचक, लुईव्हिल

उत्तर : डेव्हिड हेज यांनी ९ जुलै १९५५ ला डेल हॉलोवर तो पकडला. ११ पौंड १५ औंस, लांबी २७ इंच. धक्क्यावरच्या एका कामगाराने शिसं भरल्याचं प्रतिज्ञापत्र केलं होतं. ते चाळीसेक वर्षांनी, १९९६ मध्ये उजेडात आलं आणि विक्रम काढून घेतला गेला. पुढे चौकशीत ते टिकलं नाही आणि विक्रम परत मिळाला. माझं मत विचारशील तर मासा खरा. २७ इंच लांबी नि जवळपास पावणेबावीस इंचांचा घेर असलेल्या माशाला वजनासाठी शिसं कशाला लागतंय?

प्रश्न : आमच्याकडे शिवसागर एवढा मोठा. कोयनेत हा स्मॉलमाउथ सोडला तर वाढेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सोडू नका. दक्षिण आफ्रिकेत शिकारीच्या हौसेपायी आणला, तर केपच्या नद्यांतले स्थानिक छोटे मासे त्याने खाऊन टाकले. रोंडेगाट नदीच्या एका टप्प्यात २०१२ मध्ये औषध टाकून त्याला मारावं लागलं, तेव्हा कुठे तिथले मूळ मासे परतले. जपानने २००५ पासून त्याच्यावर बंदी घातली आहे. उजनीत बाहेरून आलेली चिलापी (तिलापिया) केवढी माजली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघताय. दांडगा मासा गळाला लागावा असं वाटत असेल तर आपला खडस (महसीर) आहे, लोणावळ्याला वळवणमध्ये त्याची पिल्लं वाढवतात. त्याची चौकशी करा आणि गरवायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी घ्या.