मुले विजयपुरात, कागद अक्कलकोटात

बहीण आणि मेहुणे अपघातात गेल्यानंतर दोन्ही भाच्यांना अक्कलकोट तालुक्यातून कर्नाटकातील विजयपूरला घरी आणून दोन वर्षे झाली. सोलापुरात बालसंगोपन योजनेचा अर्ज 'मुले राज्याबाहेर राहतात' म्हणून तोंडीच परत केला गेला आणि विजयपुरात 'मुले महाराष्ट्राची' असे ऐकावे लागले, असे आपण कळवले आहे. सीमाभागातून अशी पत्रे वरचेवर येतात.

आपण पात्र आहात की नाही, यावर शब्द खर्चत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४५ मधील प्रायोजकत्वाच्या, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबाला मिळणाऱ्या आर्थिक मदतीच्या, निकषांत 'अनाथ असून विस्तारित कुटुंबात राहणारी मुले' स्पष्टपणे येतात. घोडे अडले आहे ते एकाच ठिकाणी: याच कायद्याखालील जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा लेखी आदेश आपल्याकडे नाही. आजोबांकडून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतलेले संमतिपत्र शाळाप्रवेशाला उपयोगी पडले असेल, पण त्या आदेशाची जागा ते घेऊ शकत नाही. मुले आणली त्याच महिन्यात समितीकडे एक फेरी मारली असती, तर ही दोन वर्षे फुकट गेली नसती.

आता सोलापूरचा नाद सोडा. मुलांना घेऊन विजयपूरच्या समितीपुढे हजर व्हा. सोबत आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, विजयपूरच्या शाळेचे बोनाफाईड आणि आपला उत्पन्नाचा दाखला ठेवा. आधारवर अजून अक्कलकोटचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या, कारण कारकुनाची नजर प्रथम तिथेच जाते. समिती कलम ९५ वर बोट ठेवून मुलांना मूळ जिल्ह्यात पाठवण्याची भाषा करू शकते. मात्र त्या कलमानुसारही बालकाचे हित पाहावे लागते आणि मूळ जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करावा लागतो. खरा विलंब या दोन जिल्ह्यांमधल्या पत्रव्यवहारातच होतो. म्हणून आजोबांना स्वतः समितीपुढे उभे करून त्यांची संमती तिथेच नोंदवून घ्या. चौकशी चार महिन्यांत संपवावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतील याची हमी मी देणार नाही.

केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रायोजकत्वापोटी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात; कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. आपले उत्पन्न याच्या आत बसते का, हे पत्रावरून कळत नाही. मागील दोन वर्षांची रक्कम मिळेल, हे मात्र गृहीत धरू नका.

पालकत्वासाठी आधी जिल्हा न्यायालयात जावे, असे कोणी सुचवले आहे म्हणता. मेहुण्यांचे घर विकायचे नसेल, तर तूर्त त्या वाटेला जाऊ नका. तारखांवर तारखा पडतील आणि या मदतीसाठी त्या हुकुमाची गरजही नाही.

विजयपुरातही नकार मिळाला, तर तो लेखीच मागा. प्रायोजकत्वाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण तोंडी नकाराविरुद्ध अपिलात जोडायला आपल्या हाती काहीच नसेल.