एमआरआय काढलात, रक्तदाब मोजलात का?

पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कंबरेचा एमआरआय सोबत जोडलेला असतो, उचललेल्या वजनाची नोंद अडीच किलोपर्यंत अचूक असते, आणि रक्तदाबाचा रकाना कोरा. म्हणून या वेळी त्याच त्या गोंधळाचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. ही उत्तरं तुम्हाला न तपासता दिलेली आहेत, हे धरूनच वाचा.

प्रश्न : वय ३१. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) करताना कंबरेत चमक भरली. एमआरआयमध्ये एल४-एल५ला डिस्क बल्ज, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली, असं आलं. 'मणक्यात गॅप आहे, आता बादलीही उचलायची नाही' असं सांगितलं गेलं. पायात काही दुखत नाही. जिम कायमची सोडू का?

नाही.

'मणक्यात गॅप' हे निदान नव्हे. दोन मणक्यांमध्ये गादी असते, तिथे जागा असायचीच. गादी झिजली की ती जागा उलट कमी होते. म्हणजे शब्दच उफराटा आहे, तरी वर्षानुवर्षं चालतोय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र तपासले होते. गादी फुगलेली आढळली ती विशीतल्या ३० टक्के, तिशीतल्या ४० टक्के आणि ऐंशीच्या ८४ टक्के लोकांत. दुखत त्यांतल्या कुणालाच नव्हतं. तुमचा बल्जही त्या चमकेच्या आधीपासून असू शकतो.

रिपोर्ट फेकून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. तो अंगाच्या तपासणीशी जुळवून वाचायचा असतो. पाय सरळ ठेवून वर उचलून पाहणं, अंगठ्याची आणि चवड्याची ताकद, गुडघ्या-घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया, स्पर्शाची जाणीव, एवढं कुणी पाहिलं का? नसेल तर आधी ते करून घ्या.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतला जोर जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका. एका पायाचा चवडा उचलत नसेल, चालताना चप्पल निसटत असेल, तर तेही एक-दोन दिवसांत दाखवायचं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ही लक्षणं 'उसण भरली असेल' म्हणून अंगावर काढायची नसतात.

प्रश्न : आमच्याकडे एक जण झटका देऊन सरकलेली गादी जागेवर बसवतात. करून घ्यावं का?

नको. गादी सरकत नाही. वरच्या-खालच्या दोन्ही मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. बाहेर येतो तो तिचा आतला भाग, आणि तो बाहेरून ढकलून आत जात नाही. बऱ्याचदा शरीरच तो हळूहळू शोषून घेतं. 'कट्' आवाज सांध्यातल्या वायूचा असतो. पायात मुंग्या असताना झटका तर मुळीच नको.

प्रश्न : दुखण्याआधी स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बसून उठणं) १४० किलो, डेडलिफ्ट १६० किलो होती. सहा आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. डॉक्टरांनी आता हळूहळू सुरू करा म्हटलंय. 'हळूहळू' म्हणजे किती किलो?

सहा आठवडे अंथरूण धरायची गरज नव्हती. दोन-तीन दिवसांनंतर चालणं-फिरणं सुरू व्हायला हवं होतं. असो.

डेडलिफ्ट ८० किलोने, म्हणजे निम्म्याने सुरू करा, पण जमिनीवरून नाही. बार ब्लॉकवर किंवा रॅकच्या पिनांवर गुडघ्याच्या जरा खाली येईल असा ठेवा. ६ रेपचे (एकदा उचलून ठेवलं की एक रेप) ३ सेट, म्हणजे तीन फेऱ्या, खाली आणताना ३ सेकंद मोजत. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. शेवटच्या रेपनंतरही अजून तीन-चार सहज निघाल्या असत्या, असं वाटलं पाहिजे.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. करताना ३ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आलं, तर पुढच्या आठवड्यात ५ ते १० किलो वाढवा. आलं नाही तर मागचंच वजन पुन्हा. दुखणं कंबरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरत असेल तर गुण मोजत बसू नका, थांबा आणि पुन्हा दाखवा. ब्लॉकवर ११०-१२० विनातक्रार होऊ लागले की उंची कमी करा, पण त्याच दिवशी वजनही पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवा. उंची आणि वजन दोन्हींनी एकदम अवघड केलं, की काय बाधलं ते कळत नाही.

एक नेहमीची चूक इथेच सांगून टाकतो. ४५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट लावली की बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. हलक्या वजनाने परतताना लोक छोट्या लोखंडी प्लेटा लावतात आणि बार आणखी खाली जातो. वजन निम्मं, वाकणं दुप्पट! प्लेटांखाली काहीतरी भक्कम ठेवून उंची भरून काढा. दुसरं, बार पायाच्या मध्यावर आणि नडगीला घासून वर आला पाहिजे. १६० किलोचा बार ५ सेंटिमीटर पुढे निसटला तर मीटरभर काठीच्या टोकाला ८ किलो जादा टांगल्याइतका भार कंबरेवर येतो.

स्क्वॉटला मागे टेकायला बॉक्स लावा आणि खाली जाताना ढुंगण आत वळून कंबर गोल व्हायच्या आधी थांबा. बार पाठीवर खाली ठेवत असाल तर तूर्त वर, मानेच्या बुंध्याशी घ्या. धड कमी झुकतं. आणि उठल्या उठल्या पहिल्या तासात जड वाकणं टाळा. रात्रभरात गादी पाणी शोषून टणक झालेली असते, वाकताना तिच्यावर ताण जास्त येतो.

प्रश्न : बेल्ट लावला की कंबर सुरक्षित राहते ना?

बेल्ट कंबरेला आधार देत नाही; पोटाने ढकलण्यासाठी भिंत देतो. पोटात आणि कुशीत श्वास भरून बेल्टवर चारी बाजूंनी दाब दिलात तरच तो काम करतो. स्पर्धेत १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड एवढीच मुभा आहे. औषधाच्या दुकानातला पट्ट्या-पट्ट्यांचा कमरपट्टा ही वेगळी वस्तू, ती स्क्वॉटसाठी नाही. वॉर्मअपला बेल्ट नको. 'मेडिकल ग्रेड' असं छापून जे विकतात, त्यांना त्याचा अर्थ विचारून पाहा. बेल्ट आणि कोंडलेला श्वास मिळून रक्तदाब चढवतात, म्हणून पुढचं उत्तर वाचाच.

प्रश्न : वय ३८, वजन १०४ किलो. वडिलांना ४९व्या वर्षी हार्ट अटॅक आला. मला तसा काही त्रास नाही. कंबर दुखते म्हणून लिफ्टिंगच्या दिवशी तासभर आधी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतो. मध्यंतरी बीपी १५२/९६ आलं, पण दंड जाड असला की चुकीचं येतं, असं जिममध्ये सगळे म्हणतात. वडिलांमुळे मी काळजी करावी का?

करावी. आणि काळजीच्या तीन गोष्टी तुमच्याच प्रश्नात लिहिल्या आहेत. तुम्ही विचारलंय फक्त पहिलीबद्दल.

दंडापासून सुरू करू, कारण हे अर्धसत्य फार पसरलंय. यंत्रासोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. तुमचा दंड ३८-४० असेल तर तो पट्टा आकडा वाढवून दाखवतो, हे खरं. पण मग मोठा, ३२ ते ४२ सेंटिमीटरचा पट्टा आणायचा, की आकडाच विसरून जायचा? टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, स्नायू सैल सोडून दंड मोजा आणि त्या मापाचा पट्टा घ्या. मनगटाचं यंत्र नको.

आता मोजायचं कसं ते. आधी अर्धा तास व्यायाम, कॉफी, तंबाखू, प्री-वर्कआउट (व्यायामाआधीची उत्तेजक पावडर) काही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. १६०/१०० च्या वर असेल तर आटोक्यात येईपर्यंत जड लिफ्ट बंद. १८०/११० च्या वर असेल तर जिमच बंद, आणि डॉक्टरांची भेट आजच. सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर थेट तातडीच्या विभागात.

एवढी घाई कशाला? १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून व्यायाम चालू असताना दाब मोजला. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० भरली. एकाचा दाब ४८०/३५० च्या पुढे गेला. काही सेकंदांचा हा चढ निरोगी धमन्या सोसतात. तुमच्या धमन्या निरोगी आहेत की नाहीत, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. सेट रेटत नेला की हा दाब प्रत्येक रेपला चढत जातो. म्हणून तपासणी होईपर्यंत वजन इतकंच ठेवा की ८-१० रेप करूनही तीन-चार शिल्लक राहतील. वर येताना श्वास सोडा, दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. एक रेपचं कमाल वजन तूर्त विसरा.

मग गोळी. डायक्लोफेनॅक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढवतं. पुढे रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचा असर ते कमी करतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं. हृदयविकाराच्या धोक्याच्या बाबतीत त्या कुळातल्या गोळ्यांमध्ये त्याचं नाव वाईटांत येतं. शिवाय वर लिहिलेला दुखण्याच्या गुणांचा हिशेब गोळीने निकालात निघतो, कारण दुखणं कळतच नाही. लिफ्टिंगआधी घेणं थांबवा. तिच्या जागी मित्राने सुचवलेली दुसरी गोळीही नको, डॉक्टरांना विचारा.

आता वडील. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात. ४९ त्यात बसतं. घरी आणखी दोन गोष्टी विचारा : कुणी तरुणपणी अचानक, झोपेत किंवा धावता-खेळता गेलं का? कुणाची महाधमनी फाटली किंवा फुगली होती का? उत्तर हो असेल तर पुढच्या जड लिफ्टच्या आधी ईसीजी, इको आणि हृदयरोगतज्ज्ञ. नसेल तरी उपाशीपोटी कोलेस्टेरॉलचे सगळे घटक, आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचा आनुवंशिक घटक), एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईसीजी, एवढ्याची चर्चा डॉक्टरांशी करा. सत्तर चाचण्यांचं 'फुल बॉडी पॅकेज' घेऊन येऊ नका. त्यात नसती कागदं भरपूर असतात आणि रक्तदाब नेमका नसतो.

रात्री घोरता का, हेही सांगा. जाड मान, मोठं वजन आणि झोपेत अडकणारा श्वास हे चढलेल्या रक्तदाबाचं नेहमीचं कारण आहे. आणि 'सायकल', म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडचा कोर्स, केली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. स्टेरॉइडने चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयाची भिंत जाड होते, रक्त दाट होतं. हे माहीत नसेल तर तुमचे रिपोर्ट कुणालाच नीट वाचता येणार नाहीत.

प्रश्न : आईला किडनीचा आजार आहे. माझं क्रिएटिनिन १.४ आलं. आदल्या दिवशी जड स्क्वॉट्स झाले होते, रोज ५ ग्रॅम क्रिएटिन (स्नायूंसाठीची पूरक पावडर) घेतो. किडनी गेली का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि नाकारताही येत नाही. जास्त स्नायू, आदल्या दिवशीचा व्यायाम आणि क्रिएटिन, तिन्हींनी हा आकडा वाढतो. क्रिएटिन आणि जड व्यायाम आठवडाभर थांबवून पुन्हा तपासा. सोबत सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी न अवलंबणारी मूत्रपिंडाची चाचणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन करा. यकृताच्या एसजीओटी-एसजीपीटीलाही हीच अडचण येते, ती स्नायूंतूनही वाढतात. आईच्या आजाराचं नेमकं नाव विचारा. काही किडनीचे आजार आनुवंशिक असतात आणि त्यांना सोनोग्राफी लागते. नेफ्रॉलॉजिस्टना एकदा दाखवाच.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. दोन महिने कंबरेत एका बाजूला दुखतंय, मागे वाकलं की जास्त. कोच म्हणतात स्नायू कमजोर आहेत.

दोन महिने थांबायला नको होतं. या वयात मागे वाकताना एका बाजूला दुखणं म्हणजे मणक्याच्या कमानीतलं ताणाचं फ्रॅक्चर नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. साध्या एक्स-रेत ते निसटतं, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर समाधान मानू नका. एमआरआय इथे खरोखर लागतो. लवकर सापडलं तर साधारण तीन महिने भार आणि मागे वाकणं बंद ठेवून बहुतेक वेळा भागतं. तोवर स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पाठीची कमान करून बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं), तिन्ही बंद. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ.

प्रश्न : वय २७. सकाळी तासभर कंबर आखडलेली असते, जिममध्ये गेलं की मोकळी होते. काकांची पाठ बांबूसारखी ताठ झाली आहे. व्यायाम वाढवू का?

व्यायाम चालू ठेवा, पण ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाततज्ज्ञांना, दाखवा. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं, तीन महिन्यांहून जुनं दुखणं सांध्यांच्या दाहाचं असू शकतं. काकांचं सांगायला विसरू नका.

प्रश्न : घरात काचबिंदू आहे. कंबर मोकळी करायला उलटं लटकतो. चालेल?

नाही. डोकं खाली आणि पाय वर केल्याने डोळ्यातला दाब चढतो, श्वास कोंडूनही चढतो. आधी डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

प्रश्न : स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. कंबरेत इंजेक्शन घेऊन उतरू का? डावा पाय थोडा हलका वाटतो.

नको. 'हलका' म्हणजे बधिर की जोर कमी, हे ठरवायचंय. डाव्या पायाच्या टाचेवर दहा पावलं चाला, मग चवड्यावर दहा. कुठेही पाय दगा देत असेल तर उद्या सकाळी तपासून घ्या. शिवाय स्टेरॉइडची इंजेक्शनं स्पर्धेच्या काळात उत्तेजकांच्या बंदी यादीत येतात. आयोजकांना आजच कळवून नाव मागे घ्या.